मेंदूलहरींची सुसंगती : ईईजीद्वारे अवस्थांची तुलना

डोक्यावरच्या दोन जागी एकाच वेळी नोंदलेल्या लहरी एखाद्या वारंवारतेला आपसातले कलांतर (एक लहर दुसरीच्या किती पुढे-मागे चालते ते) आणि उंचीचे प्रमाण कितपत टिकवून ठेवतात, त्याचे ० ते १ मधले माप म्हणजे सुसंगती. लहरी मोठ्या झाल्या म्हणजे सुसंगती वाढलीच, असे नव्हे. हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची डोक्यावरून घेतलेली नोंद) १९२४ मध्ये नोंदवला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. डोळे मिटल्यावर उठून दिसणारी अल्फा लहर (८ ते १३ हर्ट्झ) तेव्हापासून ठाऊक आहे. सुसंगती काढायला मात्र गणनयंत्र लागते.

मुंबईत नोंदीची निम्मी लढाई केस आणि घाम यांच्याशी असते. डोक्याला खोबरेल तेल असले, तर घासूनही इलेक्ट्रोडचा (डोक्यावर चिकटवलेल्या नोंदीच्या चकतीचा) विद्युतरोध ५ किलोओहमखाली सहजी येत नाही. म्हणून आदल्या रात्री शाम्पूने न्हाऊन, तेल न लावता यायला सांगतात. दमट हवेतल्या घामाने १ हर्ट्झखालची संथ लाट अनेक तारांत एकदम चढते आणि डेल्टा पट्ट्यात (४ हर्ट्झखालच्या संथ लहरींत) खोटी सुसंगती दिसते. खोलीत एसी हवाच. इलेक्ट्रोडखाली लावलेले वीजवाहक जेल पसरून शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले गेले, तर दोघांची सुसंगती १ च्या आसपास जाते; त्या दोघांमधला फरक दाखवणारी रेघ सपाट दिसली की समजावे. ५० हर्ट्झची घरगुती विजेची गुणगुण बहुधा सैल अर्थिंगची असते.

डोळे उघडे, डोळे मिटलेले आणि मनातल्या मनात १०० मधून ७-७ वजा करणे, या अवस्था आलटून पालटून घ्याव्यात. आकडे मोठ्याने म्हणू दिले, तर जबड्याचे स्नायू बीटा पट्टा (अल्फापेक्षा जलद, साधारण १३ ते ३० हर्ट्झ) भरून टाकतात. लोकलच्या गर्दीतून आलेल्या माणसाला आधी थोडे बसू द्यावे, पण फार नको. डोळे मिटल्यावर तो पेंगतो, अल्फा तुटते, बुबुळे सावकाश फिरू लागतात. ‘ध्यानात सुसंगती वाढली’ असे म्हणणाऱ्या नोंदींत हीच पेंग आधी तपासावी.

खरी गफलत तुकड्यांच्या संख्येत होते. दोन मिनिटांच्या नोंदीचे २ सेकंदांचे ६० तुकडे पाडले, तर पूर्ण असंबद्ध लहरींचीही सुसंगती सरासरी १/६० येते आणि ०.०५ च्या वर गेली तरच ती दखलपात्र (९५ टक्के पातळीला). पापण्यांची फडफड काढून ३० च तुकडे उरले, तर हीच मर्यादा ०.१ होते. एकाच तुकड्यावरून काढलेली सुसंगती तर नेहमी १ येते! म्हणून सगळ्या अवस्थांत तुकडे सारखेच ठेवावेत.

कवटी आणि कातडी एकाच उगमाचा विद्युतप्रवाह दूरवर पसरवतात, त्यामुळे जवळच्या इलेक्ट्रोडांत सुसंगती फुकट मिळते. कानाचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकी सगळे मोजले जातात तो) स्वतःच ‘बोलत’ असला, तर त्याचा अंश प्रत्येक तारेत मिसळतो. संदर्भ बदलून पाहावा किंवा काल्पनिक भागाची सुसंगती, म्हणजे शून्य कलांतराचा वाटा वगळून उरणारी, काढावी (नोल्टे आणि सहकारी, २००४). शून्य कलांतराचा हा पसारा तिच्यात येत नाही, पण खरोखरच एकाच क्षणी चालणाऱ्या लहरीही तीत गळतात.