‘बस या बहर’च्या मागचा समुद्र

खालिद अल-सिद्दीक यांचा ‘बस या बहर’ (१९७२) हा कुवेतचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. गोष्ट साधी आहे. गरीब घरच्या मुसाइदचं श्रीमंताच्या नूरावर प्रेम आहे. लग्नाला पैसा हवा, म्हणून तो मोती काढायला निघतो. बापाला शार्कने अधू केलेलं असूनही. यात अतिशयोक्ती नाही. तेल सापडण्याआधीच्या कुवेतमध्ये गरिबाच्या पोराला दुसरी वाट फारशी नव्हतीच.

मोठा हंगाम उन्हाळ्यातला, साधारण चार महिन्यांचा. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, बोटांवर चामड्याच्या टोप्या चढवी आणि गळ्यात जाळीची पिशवी अडकवी. पायाला दोरीचा वजनी दगड लावून तो झरकन तळ गाठी. दगड लगेच वर ओढला जाई. मग मिनिटभरात, फार तर दीड मिनिटात, हाताला येतील तेवढे शिंपले खरवडायचे आणि दुसऱ्या दोराला हिसका द्यायचा. वरचा सैब त्या हिसक्यावर दोर ओढणार. तो गाफील राहिला की खालचा संपला! भरल्या पोटी बुडता येत नाही, म्हणून दिवसभर खजूर आणि कॉफी. खरं जेवण रात्री. कानाचे पडदे फाटणं नेहमीचंच. जेलीफिशच्या दिवसांत अंगभर सुती कपडा चढवावा लागे.

शिंपले नाखुद्याच्या, म्हणजे जहाजाच्या कप्तानाच्या, नजरेसमोर उघडत. ढीग सगळ्यांचा एकच, त्यामुळे कुठला मोती कोणी आणला हे कळत नसे. खर्च वजा जाता पाणबुड्याला साधारण तीन वाटे, सैबला दोन. पण हंगामाआधी घेतलेली उचल त्यातूनच कापायची. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच नाखुद्याकडे, आणि माणूस मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. सिनेमातल्या शार्कपेक्षा मला ही कर्जाची वही जास्त भीतिदायक वाटते.

आखाती मोत्यांची मोठी पेठ मुंबई. तिथे ते निवडले, विंधले जात आणि पुढे युरोपला रवाना होत. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपयाच चालत होता. १९२० च्या दशकात जपानी संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ च्या मंदीने गिऱ्हाईक पळवलं. १९३८ मध्ये कुवेतमधल्या बुरगानला तेल लागलं, १९४६ मध्ये निर्यात सुरू झाली आणि पाणबुडे तेल कंपनीच्या पगारावर गेले.