कॉमन सेन्स (1776)

इंग्लंडची राजसत्ता नाकारून अमेरिकेतील 13 वसाहतींच्या स्वातंत्र्याची मागणी करणारी टॉमस पेन या इंग्रज लेखकाची पुस्तिका. 10 जानेवारी 1776 रोजी फिलाडेल्फियात रॉबर्ट बेल या मुद्रकाने ती लेखकाच्या नावाविना छापली. एप्रिल 1775 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टनला इंग्रज फौजेशी लढाईला तोंड फुटले होते. तरी बहुतेक वसाहतवाल्यांचा रोख पार्लमेंट आणि मंत्र्यांवर होता, राजा तिसऱ्या जॉर्जकडे अर्ज-विनंत्या सुरूच होत्या. पेनने थेट राजपदालाच हात घातला.

इंग्लंडची राज्यघटना राजा, सरदार व लोकप्रतिनिधी यांना एकमेकांवर अंकुश म्हणून नेमते, असा तेव्हाचा अभिमान होता. पेनने त्यातील विसंगती उकलली : राजावर लक्ष ठेवायला लोकसभागृह हवे, म्हणजे राजा विश्वासार्ह नाही, मग त्याच राजाला सभागृहाचे विधेयक अडवण्याचा अधिकार कशासाठी? वंशपरंपरेबद्दलचा मुद्दा त्याहून नेमका आहे. एका पिढीने कुणाला राजा केले, तरी पुढच्या पिढ्यांचा निवडीचा हक्क तिला देऊन टाकता येत नाही. वारसाहक्कामुळे यादवी टळते, या समर्थनाला त्याने मोजदादीने उत्तर दिले : नॉर्मनांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर तिथे 8 यादवी युद्धे व 19 बंडे. राजपद नाकारणारा गिदोन व राजा मागू नका असे बजावणारा शमुवेल यांचे बायबलमधील दाखले वाचक पाहून दिलेले दिसतात. हाच पेन पुढे बायबलच्या प्रामाण्यावर तुटून पडला.

स्वातंत्र्याची बाजू व्यवहाराची आहे. अर्ज तीन-चार हजार मैल पाठवून उत्तराची चार-पाच महिने वाट पाहायची, यात कारभार होत नाही. बेटाने खंडावर राज्य करणे त्याला उफराटे वाटे; निसर्गात उपग्रह ग्रहाहून मोठा नसतो. इंग्लंडशी बांधून राहिल्याने त्या देशाची युद्धे अंगावर येतात आणि व्यापार बुडतो. धान्याला युरोपात कुठेही गिऱ्हाईक मिळेल. सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या शेवटच्या भागात तो आरमाराचा हिशेबच मांडतो : 100 तोफांचे जहाज 35,553 पौंडांना, डांबर, लाकूड, लोखंड, दोरखंड घरचेच.

राजा गेल्यावर काय, याचा आराखडा मात्र कच्चा होता. प्रत्येक वसाहतीचे किमान 30 प्रतिनिधी, काँग्रेस या सर्व वसाहतींच्या एकाच सभागृहात एकूण किमान 390, अध्यक्ष चिठ्ठी टाकून ठरलेल्या वसाहतीतून पाळीपाळीने, कायद्याला तीन-पंचमांश मते. स्वातंत्र्यवादी जॉन अ‍ॅडम्सनेच एका सभागृहाच्या कल्पनेवर टीका केली : त्याला आवर घालणारे दुसरे कोणी नाही. राजनिष्ठ जेम्स चाल्मर्सने त्याच वर्षी प्रत्युत्तराची पुस्तिका काढली. खपाचा लाखाच्या घरातला आकडा सर्रास दिला जातो. तो मुळात पेनचाच दावा असल्याने जपून घ्यावा.

गुलामगिरीचा प्रश्न या पुस्तिकेत बाजूलाच राहिला. जोतीराव फुले यांच्यावर पेनचा प्रभाव पडला तो ‘राइट्स ऑफ मॅन’ या नंतरच्या ग्रंथातून. त्यांनी 1873 चे ‘गुलामगिरी’ अर्पण केले, ते मात्र गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना.