ब्री-यार्क ते पानठेला: खेळातल्या अफवा आल्या कुठून?

गुहेत शिरल्यावर अंधारातून कुणी 'ब्री-यार्क!' असं ओरडलं तर घाबरायचं कारण नाही, कारण गोब्लिनांच्या, म्हणजे गुहेत राहणाऱ्या खुज्या राक्षसांच्या, भाषेत त्याचा अर्थ 'आम्ही शरण आलो'. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळाडूंनी पात्रं होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याच्या एका जुन्या साहसात, म्हणजे छापील तयार कथानकात, ही माहिती खेळाडूच्या कानावर पडू शकते. ती साफ खोटी आहे. ब्री-यार्क ही टोळीला गोळा करणारी आरोळी आहे. खेळाडू विश्वासाने तलवार खाली करतो आणि तेवढ्यात मागच्या खोल्यांतून आणखी गोब्लिन धावत येतात.

हे साहस म्हणजे गॅरी गायगॅक्स यांचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स', १९७९ च्या सुमाराचं. सरहद्दीवर एक गढी, जवळच गुहांची दरी, आणि गढीतल्या लोकांच्या तोंडी असलेल्या वीस अफवांचा एक तक्ता. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जो आकडा येईल ती अफवा खेळाडूला सांगायची. काही खऱ्या, काही खोट्या, आणि कोणती खरी ते फक्त डीएमला (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ठाऊक. अशीच सोय माइक कार यांच्या 'इन सर्च ऑफ द अननोन' या त्याच काळातल्या साहसातही होती. आज कुणी नवा डीएम 'कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या खेळात) छोटी रहस्यं कशी पेरू?' असं विचारतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा हाच तक्ता दिला जातो. मी नागपुरात काही वर्षांपासून रविवारी दुपारी कॅम्पेन चालवतो आणि मलाही सुरुवातीला तोच मिळाला होता. तो कुठून आला आणि त्यात काय राहून गेलं, हे समजून घेतल्याशिवाय तो नीट वापरता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

मूळ बरंच मागे जातं. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. दोन्ही बाजूंचे सेनापती आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. शत्रू कुठे आहे हे त्यांना पटावर आपोआप दिसत नसे. त्यांच्या टेहळ्यांना जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच सांगायचा. खेळाडूला सत्य मिळत नाही, खबर मिळते, ही गोष्ट खेळात आली ती इथून. डीएम नावाच्या माणसाचा पूर्वजही हा पंचच.

पुढचं वळण १९६९ चं, अमेरिकेतल्या मिनिअॅपोलिस–सेंट पॉल या जोडशहरांतलं. डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावावर युद्धखेळ मांडला आणि सैन्याबरोबर गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली. झालं असं की खेळाडू पटाशी थांबेनात. कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कुजबुजू लागले, सौदे करू लागले, खोटं सांगू लागले. वेस्लींना वाटलं, सगळा विचका झाला. खेळाडू मात्र पुन्हा कधी खेळायचं म्हणून मागे लागले. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ब्लॅकमूर हे कॅम्पेन सुरू केलं, आणि आर्नेसन-गायगॅक्स या जोडीने १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स तीन छोट्या पुस्तिकांत छापलं.

त्या पुस्तिकांत अफवांसाठी मोजक्या ओळी आहेत, पण त्या वाचताना मला फार आनंद होतो. सरायीत सगळ्यांना एक फेरी पाजा, खर्च १० ते ६० सुवर्णमुद्रा. गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात १ ते १० मुद्रा सरकवा. मग बातमी मिळेल, आणि ती चुकीचीही असू शकेल. तक्ता नाही, यादी नाही. बातमी विकत घ्यावी लागते आणि विकणारा माणूस समोर उभा असतो, एवढंच. पाच वर्षांनी तक्ता आला तेव्हा सोय झाली, पण तो समोरचा माणूस पुसट झाला. अफवेला आकडा मिळाला आणि तिचं तोंड गेलं.

तोंड परत मिळवून देणाऱ्या साहसांत मी 'द सिनिस्टर सीक्रेट ऑफ सॉल्टमार्श' या १९८१ च्या ब्रिटिश साहसाचं नाव आधी घेईन. समुद्रकाठच्या गावाबाहेर एक पडका वाडा आहे, तिथे भुताटकी आहे म्हणून कुणी फिरकत नाही. खेळाडू आत गेले की कळतं, भुताच्या भीतीवर चोरटा माल आणणाऱ्यांचा धंदा चालला आहे. इथे अफवा नुसती खरी किंवा खोटी नाही. ती कुणाच्या तरी उपयोगाची आहे.

खरी-खोटी एवढ्या दोनच रकान्यांत अफवा बसवायची सवय आपल्या भाषेला मुळातच नाही. मराठीत आवई उठते, ती येणाऱ्या संकटाची: शत्रू आला, पूर आला, पळा. हूल देतात, ती मुद्दाम, समोरच्याला चकवण्यासाठी. कंड्या पिकवतात, त्या कुणाला तरी बदनाम करायला. वावडी म्हणजे पतंग, तो वाऱ्यावर उडतो आणि दोर कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. वदंता जुनी आणि सावध असते, 'अशी वदंता आहे' म्हणणारा स्वतः हमी घेत नाही. मी माझ्या वहीत खरं-खोटं लिहिणं सोडून प्रत्येक अफवेपुढे यांतला एक शब्द लिहू लागलो, तेव्हापासून ती कशी वागेल हे आपोआप सुचू लागलं. आवई असेल तर उद्या बाजार बंद असेल. हूल असेल तर ती देणारा कुठेतरी खेळाडूंवर नजर ठेवून असेल. कंडी असेल तर कुणाच्या तरी घरात आज चूल पेटली नसेल.

नागपुरात राहणाऱ्याला याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांशी लढाई झाली, भोसले हरले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी राजे आप्पासाहेब भोसले यांना पकडून अलाहाबादकडे रवाना केलं, आणि ते वाटेत शिपायाच्या वेशात निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला. तिथून पुढे ते पंजाबात गेले आणि १८४० साली जोधपूरला वारले. म्हणजे वीसहून अधिक वर्षं या शहराचा पदच्युत राजा कुठेतरी जिवंत होता आणि इथे नव्हता. त्या काळात इतवारीच्या पेठेत काय काय बोललं जात असेल! कुणी गोसावी आला की लोक त्याच्या चेहऱ्याकडे किती निरखून बघत असतील! एवढ्या एका घटनेवर अख्खं कॅम्पेन उभं राहील.

पुढे १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारसाशिवाय गेले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. लहानपणी महाल भागात राहणाऱ्या आजीकडून मी ऐकलं होतं की वाड्याखालून भुयार आहे, ते पार रामटेकला निघतं आणि मधे कुठेतरी मोहरांचे हंडे आहेत. भुयाराची ही गोष्ट प्रत्येक जुन्या शहरात असते. पण इथे तिच्या पोटात एक खरी जखम आहे: राजाचे हत्ती भर बाजारात विकले गेलेले लोकांनी पाहिले होते. 'सगळं काही त्यांच्या हाती लागलं नाही' हे म्हणण्याची गरज होती, आणि ते भुयार त्या गरजेने खणलं, असं मला वाटतं.

मारबतीचंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत मिरवत निघतात, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असा घोष होतो आणि शेवटी पुतळे जाळतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं गावात म्हणतात. बाकाबाईंचा इतिहास याहून गुंतागुंतीचा असणार, पण लोकांनी आपली शंका बांबू-कागदाची करून, गल्लीगल्लीतून फिरवून जाळली. सोबतचे बडगे, म्हणजे इतर पुतळे, दरवर्षी नवे, ज्या गोष्टीचा राग त्या वर्षी असेल तिचे. खेळातल्या गावाला असा एक सण द्या आणि यंदा पुतळ्याला कुणाचा चेहरा आहे एवढं सांगा. खेळाडूंना आणखी काही सांगावं लागत नाही.

लोक अफवा का धरून ठेवतात, याच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक आपल्याच देशात झाला, हे फार कमी जणांना माहीत असतं. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांवर निबंध छापला. पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला त्यातली एक गोष्ट खटकली: जिथे धक्का बसला पण नुकसान झालं नाही तिथेच 'याहून मोठं संकट येणार' अशा अफवा का पसराव्यात? त्याचं उत्तर असं की भीती आधीच मनात होती, तिला कारण हवं होतं. १९४७ मध्ये ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी अफवेचं बळ म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले संदिग्धता, असं सूत्र मांडलं. गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक शून्य झालं की अफवा मेली. माझ्या पहिल्या कॅम्पेनमधल्या वीस अफवा नेमक्या याच कारणाने मेल्या होत्या. 'उत्तरेच्या जंगलात राक्षस आहे' हे ऐकून माझ्या खेळाडूंनी वहीत उतरवून घेतलं आणि कामांची यादी संपवत निघाले. त्यांचं त्या गावात काहीच अडकलेलं नव्हतं, त्यामुळे महत्त्व शून्य.

खुणा हरवण्याचा प्रश्न वेगळा. तपासाचे खेळ आले, १९८१ चा कॉल ऑफ क्थुल्हू त्यांत आघाडीचा, आणि एक दुवा सुटला की सगळं सेशन अडून बसू लागलं. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये त्यावर सोपा नियम मांडला: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्याच्याकडे नेणारे निदान तीन दुवे ठेवा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतील, तिसरा लागू पडेल.

हा नियम आणि अफवेचं तोंड एकत्र आणलं की काय होतं ते सांगतो. माझ्या सध्याच्या कॅम्पेनमध्ये डोहगाव नावाचं गाव आहे. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव मनात ठेवून मी ते रचलं: मोठं तळं, मातीची उंच पाळ, खाली धानाची बांधी. अफवा एकच, अमावस्येला पाळीवर कंदील फिरतो. सराय ठेवली नाही, पानठेला ठेवला. आमच्याकडे बातमी तिथेच मिळते. पानठेलेवाला म्हणतो, तो बुडालेला नावाडी आहे. पाटलाच्या वाड्यावरची स्वयंपाकीण भुताबद्दल बोलत नाही, पण पाटलाच्या बांधीत यंदा पाणी कमी पडलं नाही असं सहज बोलून जाते. गुरं चारणारा पोरगा सांगतो, कंदील गेला की जवसाच्या तेलाचा वास येतो. गावात तेलघाणी एकाचीच, पाटलाची. आणि पाटील स्वतः, विचारलं तर, विषय बदलतो.

खेळाडूंनी दीड तास नावाड्याच्या भुतावर घालवला. मंत्र झाले, तळ्याकाठी उपास झाले. मी थांबवलं नाही. मग चहा पिता पिता एकजण म्हणाला, "पाटील काहून गप्प होता बे? बाकी सगळे तं बोलून राहिले."

दुसरी म्हणाली, "भाऊ, तो पोरगा काय बोलला होता? जवसाचं तेल ना?"

पुढची दहा मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही. पाटील रात्री मोरी उघडून गावाचं पाणी आपल्या बांधीत सोडत होता, आणि भुताची वावडी आयती हाती आली होती, ती त्याने नुसती उडू दिली. नावाडी खरंच बुडाला होता. त्याच्या बायकोने इतकी वर्षं त्या कंदिलाकडे बघून हात जोडले होते, आणि तो कंदील पाटलाचा निघाला हे तिला सांगायचं की नाही, यावर चौघं अर्धा तास भांडले. माझ्या वहीत या प्रसंगाची एक ओळही नव्हती.

मागच्या रविवारी डोहगावचं प्रकरण मिटलं. कानोकानी ते आता शेजारच्या गावात पोचलं आहे, पण तिकडे पोचेपर्यंत पाण्याचा हंडा झाला. चार परक्यांनी पाटलाला धरलं ते तळ्याच्या तळाशी सापडलेल्या मोहरांसाठी, असं तिथल्या पानठेल्यावर बोललं जातंय. येत्या रविवारी त्या गावची तीन माणसं काठ्या घेऊन वाटा मागायला येतील. माझ्या वहीत त्या अफवेपुढे 'कंडी' लिहिलं आहे, आणि ती पिकवणाऱ्याचं नावही.