रिपोर्टवरचा बाण आणि मुलाचं वय

दोन वर्षांच्या मुलाचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) रिपोर्ट हातात येतो, लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ६०%, शेजारी वर जाणारा बाण आणि छापलेली रेंज २० ते ४०. झालं, आईबाप रात्रभर नेटवर शोधत बसतात आणि नेट तिसऱ्या क्लिकला थेट कॅन्सरवर नेऊन सोडतं. अहो, पण ती रेंज मोठ्या माणसांची आहे!

बाळ जन्मतं तेव्हा पांढऱ्या पेशी भरमसाट असतात, मायक्रोलिटरला ९,००० ते ३०,००० सुद्धा नॉर्मल (मोठ्यांमध्ये ४,००० ते ११,०००), आणि त्यात न्यूट्रोफिल्स (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) जास्त. मग पहिल्या आठवड्यातच पारडं फिरतं, लिम्फोसाइट्स वरचढ होतात आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत तसंच चालतं, त्यानंतर पुन्हा न्यूट्रोफिल्स पुढे. कारण सरळ आहे, लहान मूल रोज नवनवीन जंतू पहिल्यांदाच बघत असतं आणि टी पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) तयार करणारी थायमस ग्रंथी तेव्हा जोरात चालू असते, वयात आल्यावर ती हळूहळू आकसते.

टक्के बघून फसायला होतं, म्हणून एकदा गुणाकार करून बघा. टोटल काउंट १०,००० आणि लिम्फोसाइट्स ६०% म्हणजे ६,०००, दोन वर्षांच्या मुलात एकदम ठीक. मोठ्या माणसात ७,००० चे ३०% म्हणजे २,१००, तेही ठीक.

गंमत म्हणजे सीडी४ पेशींच्या (टी पेशींचा एक प्रकार, एचआयव्ही याच पेशींवर हल्ला करतो) बाबतीत उलटं, इथे टक्के नाही तर आकडा फसवतो. मोठ्यांमध्ये त्या साधारण ५०० ते १,५०० असतात, पण तोच १,००० चा आकडा सहा महिन्यांच्या बाळात कमी धरला जातो. वयाप्रमाणे आकडा एवढा बदलतो की एचआयव्हीच्या उपचारात पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्वी आकड्यापेक्षा टक्के बघण्यावर भर असायचा, कारण ते त्यामानाने कमी हलतात.

आणि आकडा तसाही स्थिर नसतो. न्यूट्रोफिल्सपैकी जवळपास निम्मे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले असतात, ते मोजणीत येतच नाहीत. सुई बघून पोरानं आकांत मांडला की हे सुटून प्रवाहात येतात आणि काउंट वाढतो, इन्फेक्शन नसताना. लिम्फोसाइट्सचं तर विचारूच नका, शरीरातल्या एकूण साठ्यापैकी जेमतेम २% रक्तात असतात, बाकी लिम्फ नोड्स, प्लीहा, आतडी अशा ठिकाणी. त्यात रेंज म्हणजे ९५% निरोगी लोक जिथे बसतात तो पट्टा, म्हणजे वीसात एक धडधाकट माणूस बाहेर राहणारच.

पण मला जास्त काळजी वाटते ती न आलेल्या बाणाची. तीन महिन्यांच्या बाळाचे लिम्फोसाइट्स १,५०० आले तर मोठ्यांच्या रेंजमध्ये (१,००० ते ४,८००) ते आरामात बसतात, रिपोर्ट स्वच्छ दिसतो. पण त्या वयाला हा आकडा फार कमी आहे, जन्मजात प्रतिकारशक्तीच्या गंभीर आजाराची पहिली खूण असू शकते. म्हणून लॅबने रेंज कुठल्या वयाची छापलीय ते आधी विचारा, बाण नसला तरी.