डांबरगोळ्याचे मूळ गाव

पावसाळ्याच्या तोंडावर गगनबावड्याचा घाट उतरून मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर गेलेल्या अनेक कोल्हापूरकरांच्या तळपायाला वाळूतला काळा, चिकट गोळा लागलेला असतो. तो डांबरगोळा म्हणून ओळखला जातो. समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलातील हलके घटक उडून गेल्यावर मागे उरलेला तो अवशेष असतो. हे तेल मुंबई हायचे की एखाद्या टँकरने दूरदेशाहून आणलेले, याचा पुरावा त्या गोळ्यातच असतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी 1934 मध्ये खनिज तेलात पोर्फिरिन नावाचे रेणू असल्याचे दाखवले. त्यांची रचना पानांतील हरितद्रव्याशी जुळणारी होती. फक्त मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम आले होते. तेल जिवंत वस्तूंपासून झाले, याचा हा ठोस पुरावा होता. अशा रेणूंना आज जैवखुणा म्हणतात.

या खुणा कशा उरतात, हे समजण्यासाठी रंकाळ्याचा तळ डोळ्यांसमोर आणावा. मेलेले शेवाळ गाळात बसते आणि त्यातील हरितद्रव्याची फायटॉल नावाची शेपटी सुटी होते. गाळात ऑक्सिजन असेल तर तिच्यापासून प्रामुख्याने 19 कार्बन अणूंचे प्रिस्टेन तयार होते, नसेल तर 20 अणूंचे फायटेन. त्यामुळे या दोहोंच्या प्रमाणावरून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याखाली हवा खेळती होती की नव्हती, याचा अंदाज बांधता येतो. मात्र उष्णता आणि इतर स्रोतही हे प्रमाण बदलू शकतात, म्हणून जाणकार एकाच आकड्यावर निर्णय देत नाहीत. रंकाळ्याच्या गाळाचे अर्थातच तेल होणार नाही, कारण त्यासाठी गाळ काही किलोमीटर खोल गाडला जाऊन दीर्घकाळ तापावा लागतो.

दुसरी महत्त्वाची खूण म्हणजे जिवाणूंच्या पेशीआवरणातून आलेली होपेन. पाच कड्या एकमेकींत गुंतलेला हा रेणू ऊन, लाटा आणि तेल खाणारे जिवाणू यांना सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने समुद्रात भिजलेल्या गोळ्यातही तो सापडतो. शेवाळे व वनस्पतींच्या स्टेरॉलपासून झालेली स्टेरेनही अशीच चिवट असतात.

आपल्या किनाऱ्यासाठी सर्वांत बोलकी खूण मला ओलिॲनेन वाटते. ती सपुष्प वनस्पतींपासून येते. सौदी अरेबियातील बरेचसे तेल ज्युरासिक काळातील सागरी गाळापासून बनले आणि तेव्हा फुलझाडांचा प्रसार झालेला नव्हता. याउलट मुंबई हायचे तेल, ज्याचा शोध 1974 मध्ये लागला, त्याहून बऱ्याच नंतरच्या गाळाचे आहे. पन्हाळ्याच्या कड्यात दिसणारा लाव्हाचा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तसाच खडक समुद्रतळाखालीही पसरलेला आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर तो तेल देणारा गाळ साचला. त्यात जमिनीवरच्या फुलझाडांचे अवशेष वाहून आले होते, म्हणून त्या तेलात ओलिॲनेन मिळते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांची तुलना मुंबई हायच्या व आयात तेलांच्या नमुन्यांशी अशाच खुणांच्या आधारे केली आहे.

प्रयोगशाळेत गोळा द्रावकात विरघळवून गॅस क्रोमॅटोग्राफच्या केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून सोडतात. रेणू एकामागून एक बाहेर पडतात आणि वस्तुमान वर्णपटमापक त्यांचे तुकडे करून त्या तुकड्यांचे वस्तुमान मोजतो. 191 वस्तुमानाचा तुकडा होपेनची, 217 चा स्टेरेनची ओळख पटवतो. दोन नमुने एकाच तेलाचे नाहीत, हे ठामपणे सांगता येते. ते एकाच तेलाचे आहेत, असे म्हणण्यासाठी मात्र अनेक गुणोत्तरे जुळावी लागतात.

अलास्कात 1989 मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज फुटल्यानंतर किनाऱ्यावरचे डांबर तपासले, तेव्हा त्यातील काही त्या जहाजातील तेलाशी जुळलेच नाही. ते कॅलिफोर्नियातील माँटेरे खडकांतून आलेल्या तेलाचे निघाले. 1964 च्या भूकंपात अलास्कात फुटलेल्या साठवण टाक्यांतून ते समुद्रात गेले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.