व्होल्टेज परत आलं, तरी मोटर वेग का धरत नाही?

(लातूर-उदगीर भागातल्या आमच्या डाळमिल आणि पिठाच्या गिरणीवाल्या ग्राहकांसाठी)

जळालेली मोटर घेऊन येणारे बहुतेक जण एकच सांगतात: "लाइट डीम झाली, पण लगेच आली की! मोटर मात्र घूं घूं करत हळूच फिरत राहिली." दोष वाइंडिंगचा नसतो.

चार पोलची मोटर भरल्या लोडवर साधारण १४४० आरपीएमला स्थिरावते. माल थोडा जास्त पडला तर वेग जरा उतरतो, त्याबरोबर मोटरचा जोर वाढतो आणि ती सावरते. पण सावरण्यालाही हद्द आहे. गिरणीत माल दाटलेला असेल तर खाली आणखी एक वेग असतो, जिथं जोर आणि अडथळा बरोबरीत येतात, पण मोटर तिथं टिकत नाही. त्याच्या वर राहिली तर चढते, खाली गेली तर बसतच जाते. धक्का खाल्लेलं यंत्र मूळ जागी परततं का, हा प्रश्न रशियन गणिती ल्यापुनोव यांनी १८९२ मध्येच नेमका मांडला होता. जिथून परत येता येतं, त्या पट्ट्याला गणितात स्थिरतेचा प्रदेश म्हणतात.

व्होल्टेज उतरलं की हा पट्टाच आखडतो. जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. ४१५ चे ३०० झाले की ५२ टक्केच उरतो. कमाल जोर लोडच्या दुप्पट असलेली मोटरसुद्धा तिथं जेमतेम तगते. तेवढ्यात वेग पट्ट्याखाली घसरला, तर व्होल्टेज आल्यावरही ती दाटलेला माल ओढू शकत नाही.

आणि इथंच चूक होते: "घेईल वेग" म्हणून वाट बघत बसणं. काही जण तर ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर तोडणारा) डायरेक्ट करून, म्हणजे निकामी करून ठेवतात. अडकलेली मोटर सहापट करंट ओढते, म्हणजे वाइंडिंगमध्ये छत्तीसपट उष्णता. शिवाय मोटर गार ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही मंदावलेला. मोटर घूं घूं करायला लागली की लगेच बंद करा, हॉपरची झडप लावा, आतला माल काढा, रिकामी सुरू करा आणि पूर्ण वेग आल्यावरच माल सोडा.

"तुमचा रिले फार लवकर पडतो" ही तक्रार आम्ही ऐकतो. सेटिंग तरीही ढिलं करत नाही. पाच मिनिटं गिरणी थांबणं परवडतं, ऐन हंगामात रिवाइंडिंगसाठी दोन दिवस थांबणं परवडत नाही. कमी व्होल्टेजला मोटर आपोआप तोडणारा रिले तुमच्या जुन्या स्टार्टरलाही आम्ही जागेवर येऊन बसवून देतो. आमच्याकडे येताना नेमप्लेटचा फोटो आणि भरल्या लोडवर तिन्ही फेजचे क्लॅम्प मीटरनं मोजलेले अँपिअर आणा. सेटिंग त्यावरूनच ठरतं.