फाइलमध्ये ‘स्वीट’ हा शब्द असेल तर

(इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

“एका शब्दाला एवढे प्रश्न कसले? स्वीट म्हणजे गोड, लिहून टाका की!” असा फोन आमच्याकडे वरचेवर येतो. शाळेत सगळेच तसे शिकलो, त्यामुळे विचारणाऱ्याला दोष नाही. पण मजकूर ॲपमधला, वेष्टनावरचा, करारातला किंवा सबटायटलचा असला की हाच साधा शब्द अडून बसतो. प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो आहोत.

आधी कामाचे. आमचा सर्वात जास्त वेळ जातो तो ‘साफ’ करून पाठवलेल्या एक्सेल फाइलमध्ये. आकारणी शब्दांवर असते हे ठाऊक असल्याने अनेक जण सगळा मजकूर एका रकान्यात ओततात, वर्णानुक्रमे लावतात आणि दुबार ओळी उडवून देतात. हेतू बचतीचा, पण होते उलटेच. समजा, खरेदीच्या एखाद्या ॲपमध्ये ‘स्वीट’ चार जागी आहे: वाइन निवडण्याच्या यादीत ‘ड्राय’च्या शेजारी, अत्तरांच्या वर्णनात ‘फ्लोरल’च्या शेजारी, बागकामाच्या विभागात मातीच्या प्रकारांमध्ये, आणि पैसे भरून झाल्यावर पडद्यावर येणाऱ्या संदेशात. दुबार ओळी काढल्या की चारांची एकच ओळ उरते आणि तिच्यासमोर आम्ही लिहू तो एकच शब्द चारही जागी जाऊन बसतो.

वाइनला ‘गोड’ चालते. अत्तराच्या बाबतीत जिभेचा संबंधच नाही, तिथे ‘मधुर सुगंध’ हवा. बागकाम करणारे इंग्रज ज्या मातीला स्वीट म्हणतात ती आम्लधर्मी नसलेली, चुनखडीच्या अंगाची माती. मराठीत तिला ‘अल्कधर्मी’ म्हणावे लागेल. पैसे भरल्यानंतरचा ‘स्वीट’ म्हणजे ‘झकास!’ किंवा ‘झालं काम!’. तिथे नुसते ‘गोड’ असे उमटले तर वापरणाऱ्याला पैसे गेले की अडकले हेच कळणार नाही.

आणि ज्या बचतीसाठी हा खटाटोप केला जातो ती होतच नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी आमचे सॉफ्टवेअर आपोआप ओळखते आणि त्यांची पूर्ण आकारणी आम्ही मुळातच करत नाही. उलट साफ केलेल्या फाइलवर प्रश्न वाढतात, उत्तरांची वाट पाहण्यात मुदत सरते, आणि शेवटी मूळ फाइल मागवावी लागते ती लागतेच. तेव्हा फाइल जशी आहे तशी, तिच्या मूळ क्रमाने पाठवा. पसारा आम्हाला चालतो.

जिथे चूक खपत नाही

काही ठिकाणी चुकीचा शब्द वाचून लोक हसतील आणि विसरतील. वेष्टनावर तसे नसते.

बियाण्याच्या पाकिटावर ‘स्वीट पी’ असते. दोन शब्द सुटे करून ‘गोड वाटाणा’ लिहिणे अगदी सोपे आहे. प्रत्यक्षात ही सुगंधी फुलांची वेल. शास्त्रीय नाव लॅथायरस ओडोरॅटस, म्हणजे सुगंधी लॅथायरस. इथला ‘स्वीट’ वासाचा आहे. हिच्या बिया विषारी असतात. पाकिटावर ‘गोड वाटाणा’ छापून गेले आणि कुणी बिया शिजवायला टाकल्या, तर तक्रार भाषेपुरती राहणार नाही. म्हणून आम्ही ‘स्वीट पी (शोभेची फुलवेल)’ असेच लिहितो आणि शास्त्रीय नाव कधीही गाळत नाही.

‘स्वीटब्रेड’ हा पावाचा प्रकार नाही. वासराच्या किंवा कोकराच्या थायमस ग्रंथीला, कधी स्वादुपिंडाला, इंग्रजी मेनूत हे नाव आहे. शाकाहारी माणसापुढे ‘गोड ब्रेड’ असे लिहिलेला मेनू ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. ‘स्वीटमीट’मध्ये मात्र मांस नसते, ती मिठाई! जुन्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न, त्याचा हा अवशेष. यंत्राकडून भाषांतर करून ‘फक्त एक नजर टाका’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात ही जोडी आम्ही सर्वात आधी शोधतो.

‘स्वीट आल्मंड ऑइल’ हे सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत नेहमी दिसते. बदाम गोडच असतो असे समजून मराठीत नुसते ‘बदाम तेल’ लिहिले जाते. पण कडू बदाम ही वेगळी वस्तू आहे. त्यातल्या अमिग्डॅलिन या घटकापासून हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होते. इथला ‘गोड’ शोभेचा नाही, तो राहिलाच पाहिजे. याउलट ‘स्वीट बटर’मध्ये साखर नसते, मीठ न घातलेल्या लोण्याला तसे म्हणतात. ‘स्वीट ऑइल’ म्हणजे बहुतेक वेळा ऑलिव्ह तेल. त्याला ‘गोडेतेल’ म्हणण्याचा मोह होतो, कारण शब्द शब्दाला जुळतो. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोडेतेल म्हटल्यावर दुसराच डबा येतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो ‘अनस्वीटन्ड’वरून. ग्राहकांना ‘बिनसाखरेचे’ हवे असते, कारण ते वेष्टनावर उठून दिसते. आम्ही ‘साखर किंवा गोडी आणणारा पदार्थ न घातलेले’ असे लांबलचक लिहून देतो आणि नाराजी ओढवून घेतो. फरक मोठा आहे. फळांच्या रसात वरून काहीच घातले नाही तरी फळाची स्वतःची साखर असतेच. ‘नो ॲडेड शुगर’चे तेच. ‘शुगर फ्री’ हा मात्र मोजमापाचा दावा आहे: कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 100 ग्रॅम पदार्थात 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. मधुमेह असलेला माणूस ‘बिनसाखरेचे’ वाचून अख्खी बाटली पिऊ शकतो. म्हणून हे तीन दावे आम्ही तीन वेगळ्या शब्दांत लिहितो आणि जागा कमी आहे म्हणून एकात एक मिसळत नाही. अक्षरे लहान करा, हवे तर रचना बदला. रचनेचे कामही आमच्याकडे होते.

माणसे बोलतात तेव्हा

सबटायटल, जाहिरात आणि चॅटचे संदेश यांत ‘स्वीट’ला ‘गोड’ फार क्वचित लागू पडते. ‘हाउ स्वीट ऑफ यू’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी मराठीत ‘किती गोड आहेस तू’ घातले तर ती लाडात आल्यासारखी वाटते. समोर शेजारी असतील तर ती म्हणेल, ‘अहो, कशाला एवढा त्रास घेतलात!’ मैत्रीण असेल तर, ‘अगं, किती करतेस माझ्यासाठी!’ आणि तासभर उशिरा आलेल्याला हेच वाक्य खोचकपणे ऐकवले असेल तर ‘आलात एकदाचे!’. कोण, कुणाला आणि कोणत्या सुरात बोलतो आहे, हे कळल्याशिवाय तिन्हींतले काय निवडायचे? म्हणून आम्ही नुसत्या संवादांच्या फाइलबरोबर व्हिडिओही मागतो. तो आम्ही काम संपल्यावर पुसून टाकतो, त्याची काळजी नको.

बाकीची बरीचशी वाक्ये ठरून गेलेली आहेत. गोडीगुलाबीने काम काढून घेणे म्हणजे ‘स्वीट टॉक’, तिथे ‘लाडीगोडी लावणे’ चपखल बसते. ‘स्वीट ऑन हर’ला ‘तिच्यावर जीव जडलाय’, ‘शॉर्ट अँड स्वीट’ला ‘आटोपशीर’, ‘स्वीट रिव्हेंज’ला ‘चांगलं उट्टं काढलं’. ‘टुक हिज ओन स्वीट टाइम’मध्ये वैतागच आहे: ‘आला आपला रमतगमत’. ‘स्वीट ड्रीम्स’चे आम्ही ‘गोड स्वप्ने’ करत नाही. आई पोराला झोपवताना ‘झोप हं आता शांत’ म्हणते.

व्यवहाराच्या कागदांत

तेलबाजाराच्या बातमीतले ‘स्वीट क्रूड’ म्हणजे गंधक कमी, साधारण 0.5 टक्क्याच्या आत, असलेले कच्चे तेल. शुद्धीकरण सोपे पडत असल्याने त्याला भाव चांगला मिळतो. ‘गॅस स्वीटनिंग’मध्ये वायूतला हायड्रोजन सल्फाइड काढून टाकतात. दोन्हीकडे साखरेचा कण नाही.

करारातला ‘स्वीटनर’ म्हणजे सौदा पटावा म्हणून वर दिलेला लाभ. बातमीत ‘गाजर दाखवले’ चालेल, करारात चालणार नाही. ‘स्वीटहार्ट डील’ तर सरळ आरोप असू शकतो: आपल्या माणसाला झुकते माप देऊन, बाकीच्यांना बाजूला ठेवून केलेला सौदा. कामगार संघटनेच्या संदर्भात आला तर नेत्यांनी मालकाशी आतून केलेली हातमिळवणी. हा शब्द दिसला की आम्ही थांबतो आणि वकिलांना विचारून मगच पुढे जातो. त्यासाठी जास्त आकार लावत नाही.

जाता जाता, भाषेची आवड असलेल्या एका ग्राहकाने विचारले होते म्हणून: इंग्रजी ‘स्वीट’, लॅटिन ‘सुआविस’ आणि आपले संस्कृत ‘स्वादु’ एकाच मुळातले आहेत. आमच्या कामात त्याचा काडीचा उपयोग होत नाही, पण ऐकायला छान वाटते.

पाठवताना एवढे करा

मूळ फाइल पाठवा, दुबार ओळींसकट. ॲप असेल तर पडद्यांची छायाचित्रे जोडा, मोबाइलवर काढलेली चालतील. वेष्टन असेल तर घटकयादी आणि शास्त्रीय नावे असलेला पूर्ण मजकूर द्या. फक्त पुढची बाजू पाठवू नका. आमच्याकडून प्रश्नांची यादी आली की ती ज्याने मूळ इंग्रजी लिहिले त्याच्याकडे जाऊ द्या. खरेदी विभागातून ‘तुम्हीच बघा काय ते’ असे उत्तर आले तर आम्ही बघतो, पण ती ओळ पिवळी करून परत पाठवतो आणि तुमची सही आल्याशिवाय ती छपाईला सोडत नाही.

पहिल्याच कामाला येत असाल तर फाइलची एक-दोन पाने आधी पाठवा. त्यांत अडणारे शब्द कोणते, ते काम सुरू होण्यापूर्वी विनामूल्य कळवू.